आधी शर्यत सांगा, मग सायकल सांगते

वाचकांचे प्रश्न, प्रशिक्षक ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, माझं वय २४, वजन ७२ किलो. दोन वर्षं साध्या गिअरच्या सायकलवर रोज ३५ ते ४० किलोमीटर करतोय, सगळं डांबरी रस्त्यावर. सरासरी वेग ताशी २६. आता शर्यतीत उतरायचं ठरवलंय आणि पैसे एकाच सायकलीपुरते आहेत. मित्र म्हणतो, माउंटन बाइक घे, ती रस्त्यावरही चालते आणि दगडधोंड्यांतही. रोड बाइक फक्त गुळगुळीत रस्त्याची. त्याचं म्हणणं पटतं, पण मन रोड बाइककडे ओढ घेतं. एरवी मी शांत माणूस आहे, पण पुढे कुणी सायकलवाला दिसला की त्याला गाठेपर्यंत चैन पडत नाही. काय घेऊ?

उत्तर : तुमच्या पत्रात वय आहे, वजन आहे, वेग आहे, मित्राचं मत आहे. नाही ती शर्यत. कुठल्या शर्यतीला उभं राहायचंय हेच तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझं सगळं उत्तर तिथे येऊन अडतं. तुमच्या पत्रातूनच थोडा अंदाज बांधून लिहिते.

आधी मित्राचा मुद्दा. माउंटन बाइक रस्त्यावर चालते, यात खोटं काही नाही. पण चालणं वेगळं आणि शर्यतीत टिकणं वेगळं. हे मी अंगावर घेऊन शिकले. १९ वर्षांची होते. हाताशी होती ती माउंटन बाइक, २६ इंची चाकं, जाड खाचांचे टायर. तीच घेऊन रस्त्यावरच्या ६० किलोमीटरच्या शर्यतीला उभी राहिले. पहिले ११ किलोमीटर मी घोळक्यात होते. तो आवाज अजून कानात आहे : बाकीच्यांची चाकं सुस्स करत जात होती आणि माझ्याखाली डबीत भुंगा कोंडावा तशी घरघर. मग एक उजवं वळण आलं. वळणातून बाहेर पडताना पुढच्या सगळ्याजणी पेडलवर उभ्या राहिल्या, सहा-सात जोरकस पाय मारले, आणि माझं पुढचं चाक आणि पुढच्या मुलीचं मागचं चाक यांच्यात एका सायकलीएवढं अंतर पडलं. एकाच सायकलीएवढं. मी जीव खाऊन पाय मारले. दोन मिनिटांत ते अंतर चार सायकलींचं झालं, मग दहा, मग घोळका पुढच्या वळणाआड गेला. उरलेले ४९ किलोमीटर मी एकटीने काढले.

त्या दिवशी मला वाटलं, सायकल जड म्हणून मागे पडले. बहुतेकांना असंच वाटतं. खरी गोम हवेत असते. सपाट रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाने जाताना तुमच्या पायांतल्या ताकदीचे दहातले आठ वाटे तरी समोरची हवा बाजूला सारण्यात जातात. शिवाय हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात चढते. म्हणजे ताशी ३० वरून ४० वर जायचं तर ती दुपटीहून जास्त लागते. घोळक्यात दुसऱ्याच्या चाकामागे नीट बसलं की हा भार साधारण तिसऱ्या हिश्श्याने हलका होतो. म्हणूनच रस्त्यावरची शर्यत ही मुळात दुसऱ्याच्या आडोशाला राहण्याची आणि योग्य क्षणी तो आडोसा सोडण्याची शर्यत आहे. जो घोळक्याबाहेर पडला तो तेवढाच वेग ठेवायला दीडपट ताकद घालतो, आणि ती फार वेळ कुणालाच पुरत नाही.

आता माउंटन बाइक या खेळात काय करते ते बघा. हँडल सपाट आणि रुंद, ७२० ते ७६० मिलिमीटर. हात पसरलेले, छाती उघडी, म्हणजे समोरून तुम्ही दारासारखे. रोड बाइकचं हँडल ४० ते ४२ सेंटिमीटर, हात खांद्यांच्या रेषेत, आणि खालच्या वाकलेल्या भागावर धरलं की पाठ आडवी होते. टायरच्या खाचा डांबरावर प्रत्येक फेरीला दबतात, उठतात आणि त्यात ताकद मुरते. पेडलवर उभं राहून जोर लावलात की पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा फोर्क खालीवर डुलतो. लॉकआउट, म्हणजे फोर्क जखडणारी कळ, असेल तर त्याचं डुलणं बंद करता येतं, पण अचानक हल्ला झाला, म्हणजे कुणी एकदम वेग वाढवून सुटला, की बोट तिकडे जाईपर्यंत अंतर पडलेलं असतं.

गिअरचं गणितही बघून ठेवा, कारण दुकानात ते कुणी सांगत नाही. आजच्या बहुतेक माउंटन बाइकला पुढे एकच चकती असते, सहसा ३२ दात्यांची, आणि मागची सगळ्यात लहान चकती १० ची. २९ इंची चाक धरलं तर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण ७.४ मीटर जाते. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या की वेग जेमतेम ताशी ४०. रोड बाइकवर पुढे ५०, मागे ११, म्हणजे एका फेरीत साडेनऊ मीटर. तेवढ्याच ९० फेऱ्यांना ताशी ५१. उतारावर किंवा शेवटच्या किलोमीटरला घोळका ५० च्या पुढे जातो. तेव्हा माउंटनवाल्याचे पाय वाऱ्यावर फिरतात, पुढे काही सरकत नाही.

वजनाचाही हिशेब मांडते. रोड बाइक साधारण ७ ते ९ किलोची. जागतिक संघटना यूसीआयच्या शर्यतींत ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालतच नाही. शर्यतीची चांगली हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, माउंटन बाइक १० ते १२ किलोची. समजा तीन किलोंचा फरक. तुमचं वजन ७२, त्यामुळे २० मिनिटांच्या खड्या चढाला हे तीन किलो साधारण ४० सेकंदांना पडतील. चढावर ४० सेकंद म्हणजे शर्यत गेली, हे खरं. पण सपाट रस्त्यावर एवढ्या वजनाने जवळजवळ काही बिघडत नाही. तिथे मारते ती हवा, आणि हवेने मारलेला माणूस चढापर्यंत पोचतो तेव्हा पायांत काही शिल्लक नसतं.

उलट बाजूही तेवढीच सरळ. रोड बाइक घेऊन माउंटनच्या शर्यतीला जाऊ नका. पहिल्या दगडी उतारावर चाक किंवा माणूस, दोघांपैकी एक मोडेल. अरुंद टायरला पकड नाही, हँडल अरुंद म्हणून चाक सावरायला जोर मिळत नाही, आणि शरीर इतकं पुढे झुकलेलं की खड्या उतारावर डोक्यावरून जाण्याची भीती.

पण ‘खडबडीत’ या शब्दाने फसू नका. खडबडीत रस्ता आणि माउंटनचा मार्ग यांत फार अंतर आहे. पॅरिस-रुबे ही १८९६ पासून चालत आलेली शर्यत सुमारे २६० किलोमीटरची, त्यातले ५० किलोमीटरहून अधिक अंतर जुन्या दगडी फरसबंदीवरचं. तिथले दगड असे की शर्यत संपल्यावर खेळाडूंच्या तळहातांना फोड आलेले दिसतात. तरीही ती जिंकली जाते रोड बाइकवरच, फक्त टायर ३० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद आणि हवा कमी. खड्डे आहेत एवढ्याच कारणासाठी माउंटन बाइक घ्यायची गरज नसते.

मग माउंटनची शर्यत म्हणजे काय? मी नंतर सहा हंगाम त्याच केल्या, आणि तिथे मला कळलं की हा खेळच निराळा आहे. ऑलिम्पिकमध्ये १९९६ पासून जो क्रॉसकंट्री प्रकार आहे तो वरच्या गटात ८० ते १०० मिनिटांचा असतो, चार-पाच किलोमीटरच्या मार्गाच्या फेऱ्या. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं सगळे जिवाच्या आकांताने पळतात, कारण लगेच पुढे पायवाट अरुंद होते आणि तिथे ओलांडायला जागा नसते. ज्या क्रमाने आत शिरलात त्याच क्रमाने बराच वेळ जायचं. एकदा आत शिरलं की घोळका नाही, आडोसा जवळजवळ नाही. समोर फक्त जमीन. नियमही कडक : पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूने पहिल्या फेरीला घेतलेल्या वेळेच्या ८० टक्के वेळाने जो मागे पडतो त्याला शर्यतीतून बाहेर काढतात. आणि चेन तुटली, पंक्चर झालं, तर बाहेरची मदत ठरलेल्या जागीच मिळते. तिथपर्यंत तुमचं तुम्ही बघायचं.

मला एक जागा आठवते. हातभर रुंदीची पायवाट, तिच्यावर आडवी पडलेली चार मुळं, पावसाने साबणासारखी झालेली, आणि चौथ्या मुळाला लागूनच डावं वळण. शर्यतीच्या आदल्या दिवशी मी तेवढ्या एका जागेवरून १४ वेळा उतरले. पहिल्या सहा वेळा पुढचा ब्रेक नेमका मुळावर असताना दाबला गेला आणि चाक सरकलं. दोनदा पडले, कोपर सोलवटलं. सातव्यांदा मी ब्रेक मुळांच्या आधीच सोडून दिला. मुळांवर हात सैल, कोपर बाहेर, बूड सीटच्या मागे, आणि नजर मुळांवर ठेवायची नाही, वळणाच्या पलीकडच्या झाडावर ठेवायची. चाकं आपोआप तिकडे गेली. दुसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा दमदार मुली त्या जागी उतरून सायकल खांद्यावर घेत होत्या. चढावर त्या मला पुन्हा गाठत, पुढच्या फेरीत मुळांवर मी पुन्हा पुढे. दम कमी असूनही मी त्यांच्या पुढे आले ते त्या १४ उतरणींमुळे.

आता निवड तुमच्यापुढे कशी उभी राहते बघा. रस्त्यावर तुमचा सगळा वेळ माणसांकडे लक्ष देण्यात जातो : कोण दमलाय, कोण हल्ला करणार, वारा कुठल्या बाजूने येतोय, पुढच्याच्या चाकापासून मी हातभर अंतरावर आहे की दोन हात. माउंटनवर तुमचा सगळा वेळ जमिनीकडे लक्ष देण्यात जातो. तुम्ही सहज लिहून गेलात की पुढे सायकलवाला दिसला की त्याला गाठेपर्यंत चैन पडत नाही. ज्याला माणसाचा पाठलाग करण्यात रस आहे, ज्याची दोन वर्षांची सगळी मेहनत डांबरावर झाली आहे, त्याने रोड बाइक घ्यावी. तुमचं मन आधीच तिकडे गेलंय आणि ते बरोबर जागी गेलंय. ‘मला एकट्याने जंगलात शिरायला आवडतं, रस्त्यावरच्या गाड्या नकोशा होतात’ असं तुम्ही लिहिलं असतं तर मी तितक्याच खात्रीने माउंटन सांगितली असती.

पण पैसे देण्याआधी दोन कामं करा. पुढच्या वर्षभरात तुम्हाला खरोखर जाता येईल अशा शर्यतींची यादी काढा. त्यातल्या बहुतेक माउंटनच्या निघाल्या तर माझं वरचं उत्तर बाजूला ठेवा. कारण वर्षातून एकच शर्यत मिळाली तर शर्यतीचं अंग तयार होत नाही. दुसरं, दोन्ही प्रकारच्या शर्यती एकदा कडेला उभं राहून बघा, पण शेवटच्या रेषेवर उभे राहू नका. रस्त्याच्या शर्यतीत तीव्र वळण संपतं तिथे थांबा आणि घोळक्याची शेपटी कशी ताणली जाते, कोण सुटतं ते पाहा. माउंटनच्या शर्यतीत सगळ्यात अवघड उतारापाशी थांबा. दोन्हींपैकी कुठे उभे असताना तुमचे पाय शिवशिवतात, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

खरेदीबद्दल थोडंच. मापाची फ्रेम सगळ्यात आधी. आवडत्या रंगाची पण एक माप मोठी सायकल स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. मान, खांदे आणि कंबर वर्षभर त्याची किंमत मोजतात. पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या चकत्या, मागे ११ ते ३४ ची कॅसेट (चकत्यांचा संच), डिस्क ब्रेक आणि निदान ३० मिलिमीटरचा टायर मावेल एवढी फ्रेममध्ये जागा. २८ चा टायर लावा, तुमच्या वजनाला ७० ते ८० पीएसआय हवा पुरे. ‘जितकी कडक हवा तितका वेग’ हे जुनं खूळ आहे. खरखरीत रस्त्यावर फार कडक टायर उसळत राहतो आणि तुमची ताकद त्या उसळण्यात जाते. उंच कडांची महागडी कार्बन चाकं पहिल्या वर्षी नकोत. ते पैसे उरले तर एखाद्या अनुभवी माणसाकडून सीटची उंची, हँडलचं अंतर आणि बुटांना पेडलशी जोडणारे, बुटांखालचे क्लीट नीट बसवून घ्या.

आणि तुमच्या ताशी २६ बद्दल. एकट्याने २६ म्हणजे घोळक्यात २९-३० सहज निघेल. पण घोळक्यात जायच्या आधी किमान दोन महिने चार-पाच जणांबरोबर सराव करा. सरळ रेषेत चालवणं, हात दाखवून खड्डा सांगणं, विनाकारण ब्रेक न दाबणं आणि पुढच्याच्या चाकाला आपलं चाक आजूबाजूने कधीही न भिडवणं. पुढच्याचं मागचं चाक तुमच्या पुढच्या चाकाला लागलं तर तो पडत नाही, तुम्ही पडता, आणि तुमच्या मागचे दहाजण तुमच्यावर.

प्रश्न : रोड आणि माउंटन यांच्या मधली म्हणून ग्रॅव्हल बाइक घेतली, तर दोन्ही शर्यती एकाच सायकलवर होतील का?

उत्तर : आखूडशिंगी आणि बहुदुधी, दोन्ही एकाच गोठ्यात शोधताय. एक शर्यत नक्की होईल, आणि ती म्हणजे ग्रॅव्हलची. कच्च्या, खडीच्या रस्त्यांवरच्या या शर्यती आता इतक्या रुळल्या आहेत की २०२२ पासून त्यांची वेगळी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होते. ४० ते ४५ मिलिमीटरचे टायर, वाकडं हँडल, रोडपेक्षा थोडी सरळ बैठक.

रस्त्याच्या शर्यतीलाही ही सायकल चालू शकते, पण २८ किंवा ३० च्या टायरचा दुसरा चाकांचा जोड हवा आणि गिअर पुरेसे मोठे हवेत. सुरुवातीच्या गटात त्यावर घोळक्यात टिकता येतं, माझ्याकडे शिकणारी एक मुलगी अशीच दोन वर्षं खेळली. माउंटनला मात्र नाही. मार्गावर पायऱ्यांसारखे दगड आणि हातभर उंचीच्या उड्या असतात तिथे पुढच्या फोर्कला १०० ते १२० मिलिमीटरची हालचाल लागते. ग्रॅव्हल बाइकवर तो सगळा मार तुमच्या मनगटांत जातो, आणि तिसऱ्या फेरीला बोटांना ब्रेक दाबवत नाही.

प्रश्न : माझ्याकडे २९ इंची हार्डटेल माउंटन बाइक आहे. सहा आठवड्यांनी रस्त्यावरची ५० किलोमीटरची शर्यत आहे. नवी सायकल घेणं शक्य नाही. वय ३१, मी त्यात उतरावं की नाही?

उत्तर : उतरा. पण आज संध्याकाळीच आयोजकांची नियमपत्रिका उघडा. काही शर्यतींत सपाट हँडलच्या सायकलींना घोळक्याबरोबर सोडत नाहीत, काहींमध्ये त्यांचा वेगळा गट असतो. वेगळा गट असेल तर त्यातच नाव द्या. तिथे तुमची लढत बरोबरीच्या सायकलींशी होईल. हँडलच्या टोकांची बूचं बसवलेली आहेत ना, तेही बघा. उघड्या नळीचं टोक पडताना पोटात घुसतं.

मग टायर. फार लोकांना माहीत नसलेली एक सोय तुमच्या बाजूने आहे : २९ इंची माउंटन आणि ७००सी रोड, दोन्हींच्या रिमचा टायर बसण्याचा व्यास एकच असतो, ६२२ मिलिमीटर. म्हणून तुमच्या चाकांवर रस्त्याचे सपाट, बिनखाचांचे टायर बसतात. अडचण रुंदीची. रिमवर आतल्या रुंदीचा आकडा लिहिलेला असतो. तो २५ च्या आसपास असेल तर ३८ मिलिमीटरचा टायर लावा. ३० असेल तर इतका अरुंद टायर त्या रिमवर सुरक्षित नाही, ४७ ते ५० चा घ्या.

३८ च मी का म्हणते, त्याला आणखी एक कारण आहे. जागतिक नियमांप्रमाणे रस्त्याच्या शर्यतीतल्या चाकाचा टायरसकट व्यास ७० सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये. हिशेब करा : ६२२ आणि दोन्ही बाजूंचे ३८-३८ मिळून ६९८. बसलं. ४० चा टायर लावलात तर ७०२. लहान शर्यतींत इतकं कुणी मोजत नाही, पण तुमच्या शर्यतीने जागतिक नियम जसेच्या तसे घेतले असतील तर सकाळी तपासणीच्या टेबलापाशी हुज्जत घालण्यापेक्षा हे आधी बघितलेलं बरं. ४७-५० चे टायर लावावे लागणार असतील तर आयोजकांना आधीच विचारून घ्या.

टायर अरुंद झाला की चाक लहान होतं आणि त्याबरोबर तुमचा गिअरही लहान होतो, हे मात्र विसरू नका. पुढे ३२ आणि मागे १० असेल तर ३८ च्या टायरवर ९० फेऱ्यांना वेग ३८ च्याही आत येतो. पुढची चकती ३६ ची करून घेतलीत तर तो ४२-४३ होतो. त्याआधी दोन गोष्टी तपासा : मोठी चकती फ्रेमला घासत नाही ना, आणि चेन पुरते ना. चेन आखूड पडली आणि तुम्ही चुकून मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर गेलात तर चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा डिरेलर उपटून निघतो. चकती बदलणं जमत नसेल तर पाय वेगाने फिरवायचा सराव करा, आठवड्यातून दोनदा, १० मिनिटं १०५ ते ११० फेऱ्यांवर, बूड सीटवर न उडवता.

हँडलखालच्या कड्या काढून वर ठेवा म्हणजे हँडल एक-दोन सेंटिमीटर खाली येईल. हे एकदम करू नका, दर आठवड्याला एक कडी. ३८ च्या टायरमध्ये हवा ४५ ते ५० पीएसआय, टायर आणि रिमवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत. शर्यत सुरू व्हायच्या आधी फोर्क लॉकआउटने जखडून टाका आणि हाताने दाबून खात्री करा. मी एकदा ते विसरले होते आणि पहिल्या चढापर्यंत सायकल पाळण्यासारखी हलत होती.

शर्यतीत घोळक्याच्या शेपटाला राहू नका. तिथे प्रत्येक वळणानंतरचा धक्का सगळ्यात मोठा बसतो. मधल्या भागात, कुणा उंचापुऱ्या, शांतपणे चालवणाऱ्या माणसाच्या मागे जागा धरा. वळण दिसलं की त्याच्या आधी दोन-तीन जागा पुढे सरका. म्हणजे वळणातून बाहेर पडताना मागे घसरलात तरी घोळक्यातच राहाल. माझ्या ११ व्या किलोमीटरला मला हे कुणी सांगितलं असतं तर मी २५ व्यापर्यंत तरी टिकले असते.

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची. सायकलिंगमध्ये तिला पुढे जायचंय. प्रशिक्षक आत्तापासून रोड बाइकच हवी म्हणतात, नाहीतर उशीर होईल. खरं आहे का?

उत्तर : उशीर होत नाही. कॅडेल इव्हान्स १९९८ आणि १९९९ मध्ये माउंटन बाइकचा विश्वचषक जिंकला आणि २०११ मध्ये रस्त्यावरची टूर द फ्रान्स. पीटर सागान २००८ मध्ये माउंटनचा ज्युनियर जगज्जेता होता. पुढे २०१५, २०१६, २०१७ असं सलग तीनदा रस्त्यावरचं जगज्जेतेपद त्याने मिळवलं. पॉलीन फेराँ-प्रेव्होने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकचं माउंटनचं सुवर्णपदक घेतलं आणि पुढच्याच वर्षी महिलांची टूर द फ्रान्स जिंकली. सरकत्या जमिनीवर चाक सावरायला शिकलेलं मूल रस्त्यावर आलं की घोळक्यात घाबरत नाही. पावसातल्या वळणावर त्याचे हात आपोआप सैल राहतात. ही गोष्ट १३ व्या वर्षी जितकी सहज अंगात भिनते तितकी २३ व्या वर्षी भिनत नाही.

तेव्हा चांगल्या मापाची साधी हार्डटेल घ्या. ‘वाढतं वय आहे, दोन वर्षं पुरेल’ म्हणून मोठी फ्रेम घेऊ नका. जी सायकल तिला आज आवरता येत नाही तिच्यावर ती उतरायला शिकणार नाही, घाबरायला शिकेल. स्वस्तातली फुल सस्पेन्शनही नको. ती जड असते आणि मागचा शॉक तिच्या वजनाला दबतही नाही. पुढचा फोर्क हवेवर चालणारा असेल तर तिच्या वजनाप्रमाणे त्यातली हवा कमी करून द्या. ती सायकलवर उभी राहिली की फोर्क त्याच्या एकूण हालचालीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा खाली बसायला हवा. फोर्कच्या नळीवर रबरी कडं असतं, ते खाली सरकवून ठेवा आणि ती उतरल्यावर मोजा. १०० मिलिमीटरचा फोर्क असेल तर कडं २० च्या जवळ दिसलं पाहिजे. पाच-सहावरच राहिलं तर फोर्क तिच्यासाठी कडक आहे, थोडी हवा सोडा आणि पुन्हा मोजा.

प्रशिक्षकांना राग येईल असं काही करू नका. रविवारी घोळक्याबरोबर रस्त्यावर, याच सायकलवर सपाट टायर लावून जाऊ दे. १५-१६ व्या वर्षी ती स्वतःहून एका बाजूला झुकेल. तेव्हा मला परत लिहा, आणि पत्र तिला लिहायला सांगा.